दोरीवरचे लंगोट

आमच्या भागातल्या नर्सबाई बाळंतिणीच्या घरी आल्या की आधी घरात शिरत नसत. छत्री ओट्यावर टेकवायच्या, घराला वळसा घालून मागच्या परसात जायच्या आणि दोरीवर वाळत घातलेले लंगोट बघायच्या. एखादा उचलून उन्हाकडे धरायच्या, बोटाने डाग खरवडायच्या. मग रांजणाशी हात-पाय धुवून आत यायच्या आणि बाळाला घ्यायच्या. गावातल्या बायकांना हा चेष्टेचा विषय होता.

"बाई, तुमी लेकराला बघाय येता का आमचं धुणं मोजाय?" कुणीतरी विचारायचं.

"लेकराला बोलता येत नाही आणि तुम्ही खरं बोलत नाही," बाई म्हणायच्या. "मग मी विचारू कुणाला?"

त्या घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. शेजारच्या गावात दोन खोल्यांचं उपकेंद्र होतं, तिथेच राहायच्या. सात-आठ गावं आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्या, एवढं सगळं पायी फिरायच्या. मी आज जे लिहितो आहे ते त्यांच्या मोठेपणाबद्दल लिहावं असं बरीच वर्षं मनात होतं. पण त्यांचं मोठेपण सांगायचं तर माझं खोटं आधी सांगावं लागतं, म्हणून राहून गेलं.

तेव्हा मी पस्तिशीच्या आतला होतो. दहिवलीच्या एका भातगिरणीत कामाला होतो. बैलगाडीतून भात आलं की पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायचे, दोन तळव्यांत चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचं आणि उरलेला तांदूळ हातावर पसरून बघायचा. भात खळ्यावर भिजलं होतं की नाही, जुनं किती, कणी किती पडेल, हे मी रंगावरून सांगायचो. शेतकरी माझ्या शब्दावर भांडण मिटवायचे. मला त्याचा अभिमान होता.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्या खेपेला सातवा महिना संपून आठवा लागला आणि एका सकाळी मुलगी झाली, घरातच. आईने तिच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. आमच्याकडे म्हणतात, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. आई म्हणाली, "महिनाभर थांबली असतीस गं पोरी, नायतं दोन दिस आधी तरी यायचंस."

नर्सबाई आल्या. फडक्याच्या झोळीत घालून काट्याला लावलं तर पोरगी दीड किलोसुद्धा भरली नाही. आईने खाटेखाली तुसाची शेगडी पेटवून ठेवली होती, ती बाईंनी स्वतः उचलून अंगणात नेली. "ऊब पाहिजे, धूर नको," म्हणाल्या. मग माझ्या बायकोच्या चोळीच्या आत, उघड्या छातीवर, मुलीला उभी धरून वरून लुगडं गुंडाळलं. "खुडूक कोंबडी कशी बसते? तशी बसायचं. रात्रंदिवस. उठायचं ते फक्त मागच्या दारी जायला, आणि तेव्हा हिला सासूच्या छातीशी द्यायची."

मुलीला ओढायची ताकद नव्हती. बाईंनी बायकोला दूध वाटीत काढायला शिकवलं. उकळून वाळवलेल्या कापसाचा बोळा करून थेंब थेंब पाजायला शिकवलं. आठवड्यातून एकदा यायचं त्यांचं काम, पण पहिले बारा दिवस त्या रोज आल्या. कधी सकाळी, कधी उन्हं कलल्यावर. आमच्याकडे चहाही घेत नसत, पुढच्या वाडीवर जायचं असे. माझी बायको त्या बारा दिवसांत बसल्या बसल्या झोपायची. तिच्या मानेला रग लागायची, पण तिने एकदाही मुलीला खाली ठेवलं नाही. मुलगी जगली ती या दोघींमुळे.

तिसऱ्या दिवशी तिला कावीळ झाली. बाई घाबरल्या नाहीत. "अपुऱ्या दिवसांच्या बाळाला होतेच. आणि जरा रेंगाळते. तीन आठवडे वाट बघू. त्यानंतर राहिली तर मात्र मला गाफील ठेवू नका."

तीन आठवडे झाले. डोळे पिवळेच होते. बाईंची फेरी त्या पंधरवड्यात डोंगराकडच्या वाड्यांवर होती. आई म्हणाली, माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवर माळ देणारा आहे, त्याच्याकडे जा.

काविळीची माळ आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कसल्याशा वेलीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गच्च गाठी मारून ओवतात आणि डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरते तशी माळ मोठी होत जाते, गळ्यात येते, कमरेला येते, शेवटी पायातून निघते. मी मॅट्रिक झालेला. गिरणीत कुणी माळ घालून आला की मीच हसायचो. पण मी गेलो. म्हातारा झोपडीपुढे काड्या खुडत बसला होता. नारळाशिवाय काही घेतलं नाही त्याने. माझ्या मुलीच्या डोक्यासाठी त्याने माळ केली ती बांगडीपेक्षा थोडी मोठी होती. ती हातात घेताना मला रडू आलं.

आठ दिवसांत माळ डोक्यावरून गळ्यात आली आणि छातीवर रुळायला लागली. आई रोज मला बोलावून दाखवायची. "बग, उतरतंय." आणि मला खरंच दिसत होतं. तीच मुलगी, तोच पिवळा रंग डोळ्यांत, पण माझी नजर माळेवर.

त्याच सुमारास बायको मला म्हणाली, "अवो, हिची शी पांढरी व्हायला लागलीय. खडूवानी."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नुसतं दूदच पिते ती. दूद पिऊन पांढरी नाय तं काळी व्हईल?"

मी गिरणीत निघून गेलो. भाताचा हंगाम होता, बैलगाड्या रांगेत उभ्या होत्या.

मुलीला तिसावा दिवस होता. गिरणीच्या दारात नर्सबाई आल्या. खांद्याला पिशवी, घाईत. त्यांना खालापूरला शिबिराच्या ड्यूटीवर पाठवलं होतं, तीन आठवडे तरी सुटका नव्हती. एस.टी. पकडायच्या आधी वाट वाकडी करून आल्या होत्या.

"भाऊ, पोरगी काय म्हणते?"

"बरी आहे बाई. आता अंगावर ओढते."

"डोळे?"

"उतरत आलंय."

"शी कसल्या रंगाची होते?"

मला नेमकं काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. खरं सांगितलं तर बाई एस.टी. सोडून माझ्याबरोबर घरी येतील, मुलीच्या छातीवरची माळ बघतील, आणि मी, रंग पारखणारा मॅट्रिक माणूस, त्यांच्यापुढे उघडा पडेन, हे वाटलं. शिवाय मला रंग माहीतच नव्हता. बायकोने सांगितलं ते कानाआड केलं होतं. आमच्याकडे बापाने लंगोट बघायची रीत नव्हती. लांबून दोरीवर पिवळट कपडे दिसायचे एवढंच.

"पिवळी," मी म्हणालो.

"तुम्ही स्वतः बघितली?"

"हो, बघितली ना."

"मग झालं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "तांदळाचा रंग ओळखणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर काय बघायचं!" आणि त्या स्टँडकडे पळाल्या.

पुढे माळ पायातून निघाली. आईने ती आंब्याच्या फांदीवर टाकली आणि शेजारीपाजारी गूळ वाटला. मुलगी पिवळीच होती. आई म्हणाली, मूळ गेलंय, रंग हळूहळू जाईल.

चोपन्नाव्या दिवशी बाई आल्या. शिबिर संपवून आदल्या दिवशीच परतल्या होत्या. त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती, मी ओट्यावरच होतो. नेहमीप्रमाणे त्या आधी मागच्या परसात गेल्या. त्यांना वेळ लागला म्हणून मी मागे गेलो. त्या एकामागून एक लंगोट दोरीवरून काढून बघत होत्या. प्रत्येकावर धुऊनही न गेलेला गडद पिवळा डाग होता.

"हे शीचं नाही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हे मूत आहे. एवढ्याशा बाळाचं मूत पाण्यासारखं असतं, डाग पडत नाही."

आत जाऊन त्यांनी बायकोकडे न धुतलेला लंगोट मागितला. बायकोने मोरीतला आणून दिला. बाईंनी तो दारात, उजेडात उघडला. मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. भिंतीला लावायच्या पांढऱ्या मातीसारखी शी होती. पिवळेपणाचा मागमूसही नव्हता.

"हे कधीपासून?"

"झाला की महिना," बायको म्हणाली. "मी यांना सांगितलं व्हतं."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मला वाटलं, आता सगळं निघणार. आई तिथेच होती, बायको तिथेच होती.

बाई म्हणाल्या, "माझं चुकलं. जाताना मी घरी येऊन बघायला पाहिजे होतं."

आई आपली माळेचं सांगायला लागली, की ती पायातून कशी निघाली. बाई चिडल्या नाहीत. लंगोट घडी करून पिशवीत ठेवता ठेवता म्हणाल्या, "आजी, ओल्या काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. खुंटीला टांगली असती तरी लांबली असती." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "तुमच्याकडे भात वाळलं की घटतं ना भाऊ? तसंच."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही मुंबईला गेलो. बाई रजा टाकून बरोबर आल्या. तो लंगोट त्यांनी डब्यात घालून घेतला होता. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात लहान मुलांचे शल्यचिकित्सक होते, सडसडीत, कमी बोलणारे. त्यांनी डबा उघडून बघितला, मुलीचं पोट हाताने चाचपलं, आणि रक्त तपासायला पाठवून दिलं. पुढचे काही दिवस तपासण्या झाल्या. मग त्यांनी कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने चित्र काढून मला समजावलं. यकृतात पित्त तयार होतं, ते नळ्यांतून आतड्यात येतं, शीला रंग त्याचाच. हिच्या नळ्या बंद आहेत. पित्त आतच साठतं आणि यकृत सुकत जातं. हजारो मुलांत एखाद्याला होतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर त्यांनीही फार कमी बघितलं होतं. अशा बाळांची कावीळ रेंगाळतेच म्हणून सगळे थांबतात आणि वेळ जातो. आतड्याचा एक तुकडा वर नेऊन यकृताला जोडायचा. दोन महिन्यांच्या आत केलं तर पित्त वाहायची आशा बरी असते.

मग ते बाईंना म्हणाले, "सिस्टर, चोपन्न दिवस कुणी या बाळाची शी बघितली नाही?"

"नाही बघितली सर," बाई म्हणाल्या.

"तुमचा भाग आहे ना तो? मग करत काय होता?"

बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. घरी गप्प राहिलो ते भीतीने, इथे गप्प राहिलो त्याला मला आजही नाव सापडत नाही.

सहासष्टाव्या दिवशी ऑपरेशन झालं. अडीच किलोची पोर, आणि आत घेऊन गेले ते पाच तासांनी बाहेर आणलं. डॉक्टरांनी हात पुसत एवढंच सांगितलं, "जोडलं आहे. आता लंगोट बघत राहायचं." सहाव्या दिवशी बायकोने मला व्हरांड्यातून हाक मारली. लंगोटावर शेवाळासारखी हिरवट शी होती. आठवडाभरात ती हळदीसारखी झाली. बायको शेजारच्या खाटेवरच्या बाईला, त्या खाटेच्या पलीकडच्या बाईला, वॉर्डातल्या झाडूवालीला, सगळ्यांना उघडून दाखवत होती. सणाचं लुगडं दाखवावं तसं.

गावी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रावर गेलो. बाई सुया उकळत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की मी शी बघितलीच नव्हती, बायकोने पांढरी म्हणून सांगितलं होतं, तरी मी पिवळी म्हणालो.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तुमच्या मंडळी बोलल्या तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही माझं पाप स्वतःवर का घेतलं? आईपुढे, डॉक्टरांपुढे…"

बाईंनी चिमट्याने झाकण ठेवलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा असं वाटलं. "मी कुणाचं काही घेतलं नाही भाऊ. बाप लोक असंच सांगतात. न बघता 'पिवळी' म्हणणारे तुम्ही काही पहिले नाही. म्हणून तर मी दोरी बघते. त्या दिवशी एस.टी. चुकेल म्हणून बघितली नाही. ते माझंच चुकलं. तुमचं तुम्ही बघा."

मी त्यांच्याकडे क्षमा मागायला गेलो होतो. त्यांनी मला पदराखाली घेतलंय, असं मी महिनाभर समजत होतो. तसं काहीच नव्हतं. त्यांनी स्वतःची चूक तेवढी स्वतःकडे ठेवली होती, तोळाभरही जास्त नाही, आणि माझी मला जशीच्या तशी परत दिली होती. इतका सरळ माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, नंतरही फारसा नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मुलीला पाजत होती. तिने मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मोरीतली लंगोटांची बादली आणून माझ्या पायाशी ठेवली.

"आजपासून हे तुमी धुवायचं. आनि बघून धुवायचं."

आई उसळली. "अगं, बाप्यामानसाला लंगोट धुवायला लावतेस? लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या," बायको म्हणाली. "लोकांनी माजी पोर वाचवली नाय."

आमच्या घरी विहीर नव्हती, धुणं नदीवर. मी बादली घेऊन गेलो तेव्हा पलीकडे बैल धूत असलेल्यांनी पहिल्याच दिवशी मला धरलं.

"काय रं, बाळंतीण कोन? तू का वयनी?"

"डिंकाचे लाडू धाडू का? कंबर भरून येल."

"अरं, हलू आपट! भात हाय का तो?"

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, नंतर नंतर मला खडकावर जागा करून द्यायला लागल्या. एकीने तर, "दादा, साबन आतून लावा, डाग तिथंच ऱ्हातो," म्हणून शिकवलं. मी रोज सकाळी बादली उन्हात न्यायचो, एकेक लंगोट उघडून बघायचो आणि मगच पाण्यात टाकायचो. पिवळा, पिवळा, हिरवट, पिवळा. पावसाळ्यात उजेड कमी म्हणून ओट्याच्या कडेला बसायचो. बादली घेऊन निघालो की बायको दारातून विचारायची, "कसा?" मी रंग सांगायचो. तिला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला किती दिवस लागले ते मला माहीत नाही. बरेच दिवस ती माझ्या मागोमाग बादलीत डोकवायची.

मुलगी अकरा महिन्यांची असताना एका सकाळी मला रंग फिका वाटला. पांढरा नव्हे. जुन्या तांदळात नवा मिसळला की ढीग जसा किंचित उजळतो, तेवढाच फरक. मुलगी खेळत होती, अंगात ताप नव्हता. आईला दाखवलं तर ती म्हणाली, काल केळं दिलं त्याचं असंल. मी लंगोट न धुता तसाच उपकेंद्रावर घेऊन धावलो. बाईंनी उन्हाकडे धरला आणि म्हणाल्या, "आत्ताच निघा." गाडी बदलापूरला पोचेपर्यंत मुलीचं अंग तापलं होतं.

जोडलेल्या जागी जंतू शिरले होते. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर जोडणी बंद पडली असती. दहा दिवस इंजेक्शनं दिली. रंग परत आला. ते मला म्हणाले, "तुम्ही ओळखलंत?" मी हो म्हणालो, आणि मग, वर्षभर उशिराने, त्यांना त्या तिसाव्या दिवसाचंही सांगितलं. सिस्टरांनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो, हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढच्या खेपेला बाई बरोबर होत्या तेव्हा ते उठून उभे राहिले आणि बाईंना बसायला खुर्ची दिली.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. पोटात डाव्या बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली आहे, म्हणून तिला झाडावर चढू देत नाही, तरी ती चढते. वर्षातून एकदा-दोनदा ताप येतो, मग मुंबई. यकृत थोडं कडक आहे, पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. नर्सबाई निवृत्त होऊन घाटावर गेल्या. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला लावलं होतं. त्यांनी माझी मुलगी कशी वाचवली ते मी सांगितलं, टाळ्या पडल्या, आणि माझं खोटं मी तिथेही गाळलं. बाई पहिल्या रांगेत हार मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणून हे लिहिलं.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, ते चोवीस दिवस वाया गेले नसते तर हिचं यकृत आज चांगलं असतं का? हे मी त्यांना दरवर्षी विचारतो. ते दरवर्षी तेच सांगतात, की असतं किंवा नसतं, कुणालाच सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी तेच घोळवत बसलो होतो. बायको मुलीची वेणी घालत होती. तोंडात रिबीन धरून म्हणाली, "डॉक्टरला येत नाय सांगता, मला येत नाय. तुमचे चोवीस दिस तुमी संबाळा. हिला शाळेत उशीर व्हतोय, दप्तर कुटं ठेवलंय तेवडं बगा."

मी उठून दप्तर शोधायला लागलो.